कुणी जेवायचं राहिलंय का?

मध्यरात्र झाली की घंटा वाजायची. पाठोपाठ पुकारा व्हायचा: ज्यांना अजून जेवण मिळालेलं नाही त्यांनी या, तुमचा भात तयार आहे.

हा पुकारा सणासुदीचा नव्हता, राजपुत्राच्या बारशाचाही नव्हता. रोजचा होता. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या सत्रांमध्ये, म्हणजे आपण ज्याला अन्नछत्र म्हणतो तिथे, दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी दिवसभर पंगती उठत आणि शेवटी घंटा होई. आता सांगा, दिवसभर येईल त्याला जेवू घातल्यावर मध्यरात्री पुन्हा हाका मारत बसायची गरज काय?

जरा विचार केला की त्यातलं शहाणपण लक्षात येतं. पहिल्या पंगतीला कोण बसतं? ज्याचे पाय धड आहेत, ज्याला वाट ठाऊक आहे, ज्याला पुढे सरसावायची लाज वाटत नाही तो. उशिरा कोण पोहोचतं? लंगडत येणारा म्हातारा, कडेवर पोर असलेली बाई, तापाने फणफणलेला माणूस, किंवा ‘आपल्याला आत घेतील का’ या शंकेने दाराबाहेर घुटमळणारा. म्हणजे ज्याला अन्नाची सर्वांत जास्त गरज, तोच नेमका सर्वांत शेवटी. मदतकार्य करणाऱ्या जगभरच्या संस्था आजही याच कोड्याशी झगडतात. कित्येकदा धान्य पुरेसं असतं. ते शेवटच्या माणसापर्यंत जात नाही. तंजावरकरांनी त्यावर काढलेला उपाय होता एक घंटा आणि एक मोठ्या आवाजाचा माणूस!

हे सगळं कळतं एका पत्रामुळे. जानेवारी १८०१ मध्ये तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना ते लिहिलं. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरला मराठी गादी स्थापन केली होती. त्या गादीवर बसलेले सरफोजी तेव्हा अवघ्या तेवीस वर्षांचे होते. नावाचे राजे, कारण ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाच्या वाट्याला ठरावीक नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा, बस्स.

आता असा राजा रेसिडेंटला पत्र लिहितो म्हटल्यावर तो काय मागेल? नेमणूक वाढवा, तोफांच्या सलामीत कसूर नको, अमुक किल्ला परत द्या. हा गडी मात्र भातावर लिहितो. सत्रांत कोणाला जेवण मिळतं, आजाऱ्याला काय देतात, बाळंतिणीला किती दिवस ठेवून घेतात, हे सगळं तपशीलवार सांगतो आणि विनवतो की सत्रांना आणि त्यांच्या जमिनींना धक्का लावू नका. आमचा मुलूख दानधर्मासाठी सगळीकडे ओळखला जातो आणि माझ्या पदाचा तोच खरा मान, असा त्याचा सूर आहे. मदतसंस्थांच्या कार्यालयांत आज जे ‘प्रस्ताव’ आणि ‘अहवाल’ लिहिले जातात, त्यांचाच हा पूर्वज. फक्त लिहिणारा राजा होता.

पण इतकी माणसं त्या वाटेवर येत तरी कुठून? काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि तिथल्या सेतूची वाळू काशीला न्यायची, ही यात्रा मराठी माणसाला सांगायला नको. संत एकनाथांनी रामेश्वराला निघालेली कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली, ही गोष्ट आपण पाळण्यातच ऐकलेली असते. पण ती कावड वाहणाऱ्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. काशी ते रामेश्वर म्हणजे दोन हजार किलोमीटरहून जास्त चाल. पांबनचा रेल्वेपूल झाला १९१४ मध्ये. त्याआधी शेवटचा टप्पा होडीतून. पुण्याकडचा किंवा गंगेकाठचा यात्रेकरू तंजावरात पोहोचे तेव्हा त्याला घर सोडून महिने लोटलेले असत. भोवती तमिळ बोलणारी माणसं, बोली अनोळखी, कमरेला बांधलेले पैसे संपत आलेले आणि रामेश्वर अजून सव्वादोनशे किलोमीटर दूर. कागदोपत्री तो परदेशी नव्हता. तसा तो पुरता परकाच होता.

अशा माणसासाठी वाटेवर सत्रं होती. नीडामंगलमला यमुनांबाळ सत्र, ओरत्तनाडूला मुक्तांबाळ सत्र, आणि पुढे समुद्राच्या कडेकडेने मणमेल्कुडी, मीमिसल अशी एकामागून एक. नावं ऐकलीत? यमुना, मुक्ता, बाकीच्यांत द्रौपदी, राजकुमारी. बहुतेक सत्रं राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची. लढाया पुरुषांच्या नावावर जमा होत असताना तंजावरची वाट बायकांच्या नावांनी ओळखली जात होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळेची तर कहाणीच आहे. ती सरफोजींची प्रिय स्त्री, विवाहाची राणी नव्हे. तरुणपणीच ती गेली आणि जाताना ‘माझ्या नावे सत्र बांधा’ एवढंच मागितलं, असं सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर उभी राहिलेली ती वास्तू आजही तिथे आहे. रथ ओढणारे घोडे आणि हत्ती भिंतीत कोरलेले आहेत; लहानसा वाडाच म्हणा ना.

आता सत्राच्या आत चला, कारण खरी गंमत तिथे आहे.

ब्राह्मणापासून ज्याला तेव्हाचा समाज सर्वांत खालचा मानत होता त्या परैयरापर्यंत, कुणालाही मज्जाव नाही, असं पत्र स्पष्ट सांगतं. जोगी, जंगम, अतीत, बैरागी, सगळ्यांना शिजलेला भात. ज्याला दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं चालत नाही त्याला कोरडा शिधा, आणि तोही नुसता तांदूळ नव्हे, सोबत मसाल्याचं साहित्य. आपल्याकडे फुकट जेवून वर चोचले करणाऱ्याला काय म्हणतात? अन्नछत्रात जेवायचं आणि वर मिरपूड मागायची! तंजावरात ती मागावीसुद्धा लागत नव्हती.

ही निवड वरवर क्षुल्लक दिसते. तिचं मोल कळायला दोनशे वर्षं पुढे यावं लागेल; थोड्या वेळाने येऊच.

तूर्त आजारी माणसाकडे पाहू. सत्रात वैद्य नेमलेले. रोग आणि सूज यांवर उपचार करणारे, आणि सर्पविषावरही. सर्पविष कशाला? कारण हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश. चहूकडे गुडघाभर पाण्यातली भातखाचरं, भाताला उंदीर, उंदरांमागे साप. अनवाणी चालणाऱ्या यात्रेकरूसाठी याहून नेमका वैद्य कोणता शोधणार? आजारी माणूस सत्रात पोहोचून आजारी पडो की वाटेतूनच आजारी होऊन येवो, त्याला औषध आणि पथ्याचं जेवण मिळे, तेही बरा होईपर्यंत. ‘तीन दिवस झाले, आता चालू लागा’ हा नियम नाही. चालवत नसेल तोवर राहा. वाटेतच मरण आलं तर अंत्यविधीचा खर्च सत्राचा.

गर्भवती बाई आली तर? बाळंतपणाचा खर्च सत्राचा, औषधं सत्राची, आणि बाळंतीण पुढे तीन महिने तिथेच राहू शके. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा थबकलो. स्वतंत्र भारताने १९६१ मध्ये प्रसूती लाभ कायदा केला, त्यात कामकरी स्त्रीला पगारी रजा दिली ती बारा आठवड्यांची. म्हणजे जवळजवळ तेच तीन महिने! दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाळंतिणीला उभं राहायला किती दिवस लागतात हे बहुधा दोन्ही ठिकाणी कुणीतरी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. तान्ह्यांना दूध मिळे हे वेगळं सांगायला नकोच.

आणि पोरं. यात्रेत आईबाप दगावले की मागे राहिलेलं लेकरू म्हणजे परक्या मुलखातलं, परक्या भाषेतलं, कुणाचंच नसलेलं. अशी अनाथ मुलं सत्रातल्या पंतोजींच्या हवाली केली जात. दिवसातून तीनदा जेवण. दर चार दिवसांनी अंगाला तेल. कपडे, औषध. ज्या विद्येची आवड असेल ती शिकवायची, आणि शिकून तयार झाल्यावर लग्नाचा खर्चही सत्रानेच करायचा. दर चार दिवसांनी तेल! रेसिडेंटला पाठवायच्या सरकारी पत्रात एखादा राजा हे मुद्दाम लिहितो, याचा अर्थ काय? मला तरी वाटतं, पोराला नुसतं जगवणं वेगळं आणि वाढवणं वेगळं हे तिथे कुणाला तरी नीट ठाऊक होतं.

हे सगळं चालत होतं कशावर? उदार राजे कमी झाले नाहीत, पण राजा गेला की त्याचा दानधर्मही आटतो. तंजावरच्या व्यवस्थेची खरी कमाल इथे आहे. सत्राला रोख रक्कम देत नसत. गावं आणि शेतजमिनी इनाम देत. बँकेतल्या मुदत ठेवीचं मुद्दल जसं हात न लावता राहतं आणि घर व्याजावर चालतं, तशी जमीन कायम आणि भात दरसाल नवा. कावेरीच्या पाण्यावर इथे कुरुवै आणि सांबा अशी भाताची पिकं निघतात. ते पाणी वळवणारं कल्लणै धरण चोळ राजा करिकालाच्या नावे सांगतात. म्हणजे मराठे इथे येण्याच्या दीड हजार वर्षं आधीपासून या भाताची तजवीज चालू होती. खर्च भाताचा आणि उत्पन्नही भाताचंच. धान्य विकून रोख करा, रोख देऊन पुन्हा धान्य घ्या, ही वाटेत पैसा झिरपणारी उलाढाल बरीचशी टळली. आणि उत्पन्न अपुरं पडलं तर राजा पदरचं धान्य आणि पैसा घालून भर करी.

जगातली मोठमोठी विद्यापीठं आणि मदतनिधी आज याच युक्तीवर चालतात. दात्याचा मृत्यू गृहीत धरून केलेलं दान ते हेच.

आता दोन खटकणाऱ्या गोष्टी, कारण नुसतं भारावून जाणं बरं नव्हे. ‘सर्वांना भात’ याचा अर्थ सर्वांना एका पंगतीत असा नव्हता. शिध्याची सोय मुळात सोवळ्यासाठीच होती. दुसरी गोष्ट अधिक बोचते. तो भात पिकवत कोण होतं? तंजावरच्या सुपीक खाचरांत राबणाऱ्या दलित शेतमजुरांपैकी अनेकजण पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला बांधलेले, जवळजवळ गुलामच. यात्रेकरूच्या पानात पडणारा भात त्यांच्या घामाचा होता, आणि त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळंतपणाची नोंद त्या पत्रात नाही. सत्रांचं कौतुक करताना हे झाकून ठेवायचं कारण नाही.

सरफोजींच्या डोळ्यांसमोर दानाचं आणखी एक रूप लहानपणापासून होतं. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा प्रशियात जन्मलेला मिशनरी १७५० मध्ये डॅनिश वसाहतीत, तरंगंबाडीला उतरला आणि नंतर तंजावरला स्थिरावला. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने हा मुलूख उजाड झाला. श्वार्ट्झने आधीच भात साठवून ठेवलं होतं आणि दुष्काळात लोकांना जगवलं. पुढे पोरवयाच्या सरफोजींचा तो पालक आणि गुरू झाला. जर्मन माणूस, डेन्मार्कचं मिशन, लंडनच्या ख्रिस्ती संस्थेचा आधार आणि काम तंजावरात: आंतरराष्ट्रीय मदतसंस्था म्हणतात ती आणखी काय वेगळी असते? श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला. त्यानंतर सरफोजींनी काय करावं? स्वतः शिवभक्त राहून त्यांनी कण्णन्दंगुडी गावात पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या अन्नवस्त्राची आणि शिक्षणाची सोय लावून दिली. गुरूचं देणं शिष्याने फेडलं, तेही गुरूच्या धर्मातल्या लेकरांवर.

आता कालगणना लावून पाहा. आधुनिक मदतकार्याची सुरुवात म्हणून सॉल्फेरिनोची लढाई सांगतात. १८५९ मध्ये आंरी द्यूनां या स्विस व्यापाऱ्याने तिथे विव्हळणारे जखमी पाहिले आणि १८६३ मध्ये रेडक्रॉसचा पाया घातला गेला. जात, धर्म, देश न पाहता गरजेप्रमाणे मदत द्यावी, हे मदतसंस्थांनी आचारसंहिता म्हणून लिहून काढलं ते १९९४ मध्ये. तीन वर्षांनी ‘स्फीअर’ प्रकल्प सुरू झाला आणि किमान मापं ठरली: आपत्तीत माणसाला दिवसाला सुमारे २१०० कॅलरी अन्न, १५ लिटर पाणी. मापांत सरफोजी मागे आहेत. त्यांच्या पत्रात कॅलरी नाहीत, लिटर नाहीत. पण कोणाला द्यायचं, कुठवर द्यायचं आणि सुटलेला माणूस कसा शोधायचा, हे प्रश्न तेच, आणि उत्तरंही बरीचशी तीच.

मघाशी शिध्याबद्दल पुढचं सांगतो म्हटलं होतं. २६ डिसेंबर २००४. त्सुनामीचा तमिळनाडूत सर्वांत मोठा तडाखा बसला तो नागपट्टिणमला. हा जिल्हा १९९१ पर्यंत तंजावरचाच भाग होता. एकट्या नागपट्टिणममध्ये सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तंजावरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी जे. राधाकृष्णन यांना तातडीने तिकडे धाडण्यात आलं. जगभरातून संस्था धावल्या, शेकड्यांनी. आणि ट्रक भरभरून आले जुने कपडे. देशभरच्या कपाटांतून निघालेले, विटके, घातलेले. किनाऱ्यावरचे मच्छीमार दर्यावर स्वतःच्या हिमतीवर कमावणारे. घरदार वाहून गेलं म्हणून त्यांनी कुणाचे उतरवलेले कपडे अंगावर का चढवावेत? कुणी विचारलंच नव्हतं. कपड्यांचे ढिगारे रस्त्याकडेला पडून राहिले, आणि पुढे ‘गूंज’सारख्या संस्थेला ते निस्तरून उपयोगात आणावे लागले.

भात हवा की शिधा? हा प्रश्न सत्रात रोज विचारला जात होता. त्याचा उगम सोवळ्यात असेल, पण घेणाऱ्याला काय चालतं ते त्यालाच विचारायचं ही सवय मोलाची होती. मदतसंस्था गेल्या काही वर्षांत वस्तूंऐवजी रोख रक्कम हातात देऊ लागल्या आहेत, तेही याच कारणाने: काय घ्यायचं ते घेणाऱ्याने ठरवावं.

नागपट्टिणममध्ये दुसरी अडचण वेगळीच होती. रस्त्यालगतच्या गावात पाच संस्था पोहोचायच्या आणि आडवाटेवरच्या वस्तीत एकही नाही. जानेवारी २००५ मध्ये तिथे संस्थांचं समन्वय केंद्र उभं राहिलं. कोण कुठे काय वाटतंय याची नोंद ठेवायची आणि कोण सुटलं ते शोधायचं, हे त्याचं काम. सत्रांचा एक फायदा होता: ती रस्त्यालाच होती आणि गरजू आपल्या पायांनी दारी येत होता. लाट आल्यावर घराबाहेर न पडू शकणाऱ्या विधवेला घंटा ऐकू येऊन उपयोग नसतो.

सरफोजींच्या पत्राचं पुढे काय झालं? सत्रांचा कारभार राजाकडे राहिला. सरफोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने गादी खालसा केली. राजा नाही, दरबार नाही. पण जमिनी होत्या, आणि जमिनींवर भात पिकतच होता! सत्रं सरकारच्या हाती गेली, पण मोडीत निघाली नाहीत. यात्रेकरू आगगाडीने जाऊ लागल्यावर पायवाट ओस पडली, तेव्हा वास्तूंनी नवे पाहुणे शोधले; ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ सत्रात विद्यार्थ्यांचं वसतिगृह चाललं. सत्रांच्या मिळकती सांभाळणारी शाखा तंजावरच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत राहिली.

आणि हिशेब? राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावर दरबाराचे मोडी कागद गाठोड्यांनी बांधून ठेवलेले आहेत. दरबारी खर्च, नेमणुका, दानधर्म, सगळ्याच्या नोंदी त्यांत आहेत, आणि त्यांची भाषा मराठी आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही कागदांचे तमिळ अनुवाद छापले. म्हणजे हे मराठी हिशेब आज तमिळ वाचकाला आपल्यापेक्षा सहज वाचता येतात. कुठल्या सत्रात किती तांदूळ शिजला, कुणाच्या लग्नाला किती लागले, वैद्याला काय मिळालं, हे जाणून घ्यायची ज्याला उत्सुकता असेल आणि ज्याने हौसेने मोडीचा वर्ग केला असेल, त्याच्यासाठी तिथे अजून पुष्कळ काम शिल्लक आहे.